ए४ कागदाची मापे २१० × २९७ अशी आडनिडी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई लिहितात की, ए४ कागद सरळ २०० × ३०० मिलिमीटरचा का केला नाही, असे नववीच्या वर्गातील एका मुलाने विचारले. त्यावर दुसऱ्या एका मुलीने 'ते सुवर्ण गुणोत्तर आहे' असे सांगितले, आणि बाईंना दोघांचेही समाधान करता आले नाही. शिवाय शाळेचा वार्षिक अंक ए४ वर टाइप करून ए५ पुस्तिकेच्या रूपात छापायचा आहे, त्यात पानांचा आकार बिघडेल का, अशी त्यांना शंका आहे.

बाई, सुवर्ण गुणोत्तराचा मुद्दा आधी निकालात काढतो. सुवर्ण गुणोत्तर साधारण १.६१८ असते आणि त्या प्रमाणातल्या आयतातून चौरस कापून काढला की उरलेला तुकडा मूळ आयताशी समरूप राहतो. ए४ चे गुणोत्तर १.४१४ आहे. त्यातून २१० मिमी बाजूचा चौरस काढला तर २१० × ८७ मिमीची पट्टी उरते, जिचे गुणोत्तर २.४१ भरते आणि जी मूळ कागदासारखी अजिबात दिसत नाही. उलट २१० मिमी रुंदीचा सुवर्ण आयत घेतला तर त्याची लांबी सुमारे ३४० मिमी येईल, आणि तो मधोमध कापला की १७० × २१० चा, चौरसाकडे झुकलेला तुकडा हाती येईल. छापखान्यात तावातून चौरस कापून काढण्याची वेळ सहसा येत नाही. ताव मधोमध दुमडला जातो किंवा मधोमध कापला जातो, आणि ए४ चे सगळे गणित या एकाच कृतीतून निघते.

ताव मधोमध कापल्यावर मिळणारा अर्धा ताव मूळ तावाशी समरूप असला पाहिजे, एवढी एकच अट घालून पाहा. तावाची लांबी 'ल' आणि रुंदी 'र' मानली, तर अर्ध्या तावाची लांबी 'र' होते आणि रुंदी 'ल'च्या निम्मी होते. दोन्ही गुणोत्तरे समान धरली की ल : र = र : ल/२, म्हणजेच ल² = २र² असे समीकरण मिळते आणि लांबी ही रुंदीच्या २ च्या वर्गमूळपट ठरते. यात कोणाच्या आवडीनिवडीला किंवा सौंदर्यदृष्टीला जागाच नाही. अट मान्य केली की दुसरे उत्तर उरत नाही.

तुमच्या वर्गासाठी मला याहून थोडे पुढचे सांगावेसे वाटते. समजा एखाद्या तावाचे गुणोत्तर 'ग' आहे आणि ते २ पेक्षा कमी आहे. मग त्याच्या अर्ध्या तावाचे गुणोत्तर २/ग येते, आणि त्या अर्ध्याच्याही अर्ध्याचे पुन्हा 'ग' येते. म्हणजे कोणताही ताव कापत गेलात तरी दोनच आकार आलटून पालटून मिळत राहतात आणि त्या दोन गुणोत्तरांचा गुणाकार नेहमी २ असतो. तुमच्या विद्यार्थ्याचा २०० × ३०० चा कागद घेतला तर पहिले गुणोत्तर १.५, अर्ध्याचे १.३३, पाव तावाचे पुन्हा १.५. हे हेलकावे बंद व्हायचे असतील तर 'ग' आणि '२/ग' या दोन संख्या एकच असल्या पाहिजेत, आणि तशी संख्या २ चे वर्गमूळ ही एकच आहे.

हे हेलकावे काय करतात ते मी छपाईच्या धंद्यात नवा असताना स्वतःच्या हाताने अनुभवले आहे. आपल्या बाजारात आजही छपाईचा कागद इंचांत विकला जातो: २३ × ३६ चा डबल डेमी, २० × ३० चा डबल क्राउन, २५ × ३६ चा आणखी एक. डबल डेमीचा अर्धा ताव म्हणजे १८ × २३ चा डेमी, आणि त्याचा आठवा भाग पावणेसहा इंच रुंद व नऊ इंच लांब, ज्याला आपण डेमी एक अष्टमांश म्हणतो आणि ज्यावर मराठी पुस्तके वर्षानुवर्षे छापली गेली. एका गावच्या यात्रेतील कुस्ती मैदानाचे हँडबिल मी याच एक अष्टमांश आकारात तयार केले होते: वर देवाचे चित्र, मध्ये समोरासमोर दोन पैलवान, खाली इनामाच्या कुस्त्यांची यादी. मंडळींना तेच जसेच्या तसे पूर्ण डेमीच्या भित्तीपत्रकावर हवे होते आणि मी बिनदिक्कत हो म्हणून आर्टवर्क प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छपाईसाठी चित्र लहान-मोठे करून फिल्म काढणाऱ्या कॅमेऱ्यावर, मोठे करायला दिले. हँडबिलाचे गुणोत्तर १.५६५, तर भित्तीपत्रकाचे १.२७८. नऊ इंचांचे तेवीस इंच होईपर्यंत मजकूर वाढवला तेव्हा पावणेसहा इंच रुंदीचे पावणेपंधरा इंचही झाले नव्हते, आणि अठरा इंची तावावर दोन्ही बाजूंना मिळून सव्वातीन इंचांहून जास्त जागा मोकळी राहिली. शेवटी दोन्ही कडांना वेलबुट्टीच्या उभ्या पट्ट्या लावून वेळ मारून नेली. मंडळींना ती नक्षी आवडली हा भाग वेगळा. तेच हँडबिल मी डेमी एक चतुर्थांश, म्हणजे ९ × साडेअकरा इंच आकारात केले असते, तर बरोबर दुपटीने वाढून ते भित्तीपत्रकावर चपखल बसले असते, कारण पूर्ण ताव आणि पाव ताव हे एका आकाराचे, तर अर्धा ताव आणि अष्टमांश हे दुसऱ्या आकाराचे असतात. ए मालिकेत, म्हणजे ए३, ए४, ए५ अशा एकातून एक निम्म्याने निघणाऱ्या आकारांत, एक पायरी वर जा किंवा चार, असा प्रसंगच येत नाही.

आता २१० आणि २९७ या आकड्यांकडे येतो. समरूपतेच्या अटीने केवळ प्रमाण ठरते, माप ठरत नाही. माप ठरवण्यासाठी दुसरी अट घातली गेली ती अशी की, सर्वांत मोठ्या, म्हणजे ए० तावाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर असावे. दोन्ही अटी एकत्र सोडवल्या की रुंदी ०.८४०९ मीटर आणि लांबी १.१८९२ मीटर येते. ती ८४१ × ११८९ मिमी अशी पूर्णांकात घेतली आहे. त्यांचा गुणाकार ९,९९,९४९ चौरस मिमी होतो, म्हणजे चौरस मीटरला केवळ ५१ चौरस मिमी कमी, जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढी जागा. तेथून खाली प्रत्येक वेळी मोठी बाजू निम्मी करायची आणि अर्धा मिलिमीटर उरला तर तो सोडून द्यायचा: ११८९ चे ५९४, ८४१ चे ४२०, ५९४ चे २९७, ४२० चे २१०, २९७ चे १४८. अशा रीतीने ए४ हा ए० चा सोळावा भाग म्हणून २१० × २९७ ला येऊन थांबतो. या सोडून दिलेल्या अर्ध्या मिलिमीटरमुळे ए५ ची दोन पाने शेजारी ठेवली तर २९६ मिमी होतात, २९७ नव्हे. पुस्तक बांधून कडा कापताना त्याहून अधिक कागद जातो, त्यामुळे हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही.

या पूर्णांकांत एक गंमत दडलेली आहे आणि ती गणिताच्या शिक्षकाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. २९७ आणि २१० या दोन्हींना ३ ने भागा: ९९ आणि ७० मिळतात. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. फरक फक्त १. आता ए० घ्या: ८४१ म्हणजे २९ × २९ आणि ११८९ म्हणजे २९ × ४१, म्हणून गुणोत्तर ४१/२९. ४१ चा वर्ग १६८१, आणि २९ च्या वर्गाची दुप्पट १६८२. फरक पुन्हा १. एका वर्गाला ठरावीक संख्येने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, या प्रकारच्या समीकरणाला आपल्या गणितपरंपरेत वर्गप्रकृती म्हणतात. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात त्यावर काम केले. ९९ आणि ७० ही जोडी २ या गुणकासाठी त्याचे शुद्ध उत्तर आहे, तर ४१ आणि २९ मध्ये १ मिळवण्याऐवजी वजा करावा लागतो. या जोड्या तयार करण्याची रीत तुमच्या मुलांना पाच मिनिटांत जमेल: वरच्या संख्येत खालच्या संख्येची दुप्पट मिळवली की नवी वरची संख्या, आणि दोन्हींची साधी बेरीज केली की नवी खालची संख्या. १/१ पासून निघा. ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९, ९९/७०, २३९/१६९, ५७७/४०८ अशी शिडी तयार होते आणि प्रत्येक पायरी २ च्या वर्गमूळाच्या आणखी जवळ जाते. यातील ३/२ म्हणजे आपला २० × ३० चा डबल क्राउन आणि तुमच्या विद्यार्थ्याचा २०० × ३००. ७/५ म्हणजे फोटो स्टुडिओतील पाच बाय सातची प्रत. आणि ५७७/४०८ हे बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदींच्या मापांवरील प्राचीन ग्रंथात, २ च्या वर्गमूळासाठी दिलेले मूल्य आहे: १ मध्ये तृतीयांश मिळवा, त्या तृतीयांशाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. तेव्हा त्या मुलाला सांगा की त्याचा २०० × ३०० चुकीचा नाही, तो त्याच शिडीची खालची पायरी आहे.

बौधायनांचा आणखी एक उपयोग. कागद खरोखर ए४ आहे की नाही हे पट्टी न वापरता तपासायचे असेल, तर एकाच रीममधील दोन कागद घ्या. पहिल्या कागदाचा कोपरा असा दुमडा की आखूड कड लांब कडेवर तंतोतंत बसेल. जी तिरपी घडी पडते ती २१० मिमी बाजूच्या चौरसाचा कर्ण असते. त्या घडीला दुसऱ्या कागदाची लांब कड लावून पाहा. दोन्ही टोके जुळतील, कारण २१० मिमीच्या चौरसाचा कर्ण २९६.९८ मिमी येतो. हाच प्रयोग जुन्या दस्तांच्या लांब लीगल कागदावर केला तर घडी कडेपेक्षा चांगली पाच सेंटिमीटरने आखूड भरते. कटिंगसाठी आलेल्या कागदाचा कोन काटकोनात आहे की नाही याचा अंदाजही याच दुमडीने येतो, आणि आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्या दिवशी हीच दुमड शिकवतात.

इतिहास मोजक्या शब्दांत सांगतो. जर्मनीतील गटिंगेन येथील प्राध्यापक लिख्टेनबर्ग यांनी २५ ऑक्टोबर १७८६ रोजी योहान बेकमान यांना लिहिलेल्या पत्रात या प्रमाणाचे फायदे नोंदवले आहेत. आपण एका विद्यार्थ्याला हेच उदाहरण सोडवायला दिले होते, असेही त्यात आहे. १७९८ मध्ये फ्रान्सने मुद्रांक कागदावरील कराच्या कायद्यात काही आकार ठरवले, त्यांतील दोन आजच्या ए२ आणि ए३ शी जुळतात. पुढे ते विस्मरणात गेले. १९२२ मध्ये वॉल्टर पोर्स्टमान यांच्या कामावर आधारित जर्मन मानक डीआयएन ४७६ निघाले आणि १९७५ मध्ये तेच आयएसओ २१६ म्हणून आंतरराष्ट्रीय झाले. बी मालिका ही दोन लागोपाठच्या ए आकारांच्या मधली, भूमितीय मध्याने (दोन मापांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाने) काढलेली आहे, आणि सी मालिका पाकिटांसाठी ए व बी यांच्या मधली आहे. म्हणून सी४ पाकिटात ए४ न दुमडता, सी५ मध्ये एकदा दुमडून आणि सी६ मध्ये दोनदा दुमडून बसतो.

एक चौरस मीटरची अट केवळ हौसेखातर घातलेली नाही. कागदाचे जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन, त्यामुळे ए० तावाचे वजन म्हणजेच जीएसएम आणि ए४ चे वजन त्याचा सोळावा भाग. ८० जीएसएमचे ए४ पान ५ ग्रॅमचे. पोस्टाने पाठवायच्या पत्राचे वजन पाने मोजून सांगता येते. इंची तावांसाठी आम्हाला सूत्र लागते: सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी आणि जीएसएम यांचा गुणाकार करून २०,००० ने भागला की ५०० तावांच्या रीमचे वजन किलोमध्ये मिळते. ५८.५ × ९१ सेंमीचा ७० जीएसएम डबल डेमी घेतला तर १८.६ किलो येतात, आणि कागदाच्या दुकानात '१८.६ चा डेमी द्या' असे म्हटले की दुकानदाराला जीएसएम वेगळे सांगावे लागत नाही.

इंच आणि मिलिमीटर यांच्या या भांडणात नुकसान मात्र कातरणीत जाते. आमच्याकडील हळदीच्या व्यापाऱ्यांची बिलबुके आणि पत्रकागद आता बहुतेक ए४ किंवा ए५ मध्ये लागतात. २३ × ३६ चा ताव म्हणजे ५८४ × ९१४ मिमी. त्यातून ए४ चे तुकडे काढायला बसलात तर एका पट्ट्यात चार उभे आणि दुसऱ्या पट्ट्यात तीन आडवे, असे कसेबसे सात निघतात आणि सुमारे १८ टक्के कागद रद्दीत जातो. हीच गोष्ट २५ × ३६ च्या, म्हणजे ६३५ × ९१४ मिमीच्या तावात केली तर तीन गुणिले तीन असे नऊ तुकडे बसतात आणि तीन-साडेतीन टक्केच वाया जाते. ताव केवळ दोन इंचांनी रुंद, पण तुकडे दोन अधिक. म्हणून कोणी 'कागद स्वस्त पडला' म्हणून डेमीचे रीम आणून दिले की मी आधी कटिंगचा नकाशा काढून दाखवतो. उलट पुस्तक डेमी आकाराचे असेल तर तोच २३ × ३६ उत्तम. त्या अर्ध्या तावावर सोळा पानांचा फर्मा (एकाच तावावर दोन्ही बाजूंनी छापून दुमडायचा पानांचा गट) बसतो आणि कातरण फक्त कडांची निघते. कागद चांगला की वाईट हे कामाच्या आकारावर ठरते.

झेरॉक्सच्या दुकानात या गणिताची रोज परीक्षा होते. ए४ चे ए३ करताना यंत्र १४१ टक्के दाखवते, कारण क्षेत्रफळ दुप्पट झाले तरी प्रत्येक बाजू १.४१४ पटच वाढते. उलट दिशेने ७१ टक्के. 'दुप्पट मोठे करा' असे ऐकून कोणी २०० टक्के दाबले तर क्षेत्रफळ चौपट होते आणि पानाचा मोठा भाग कागदाबाहेर जातो. जुन्या दस्तांचा लीगल कागद २१६ × ३५६ मिमीचा असतो. तो ए४ वर आणायचा तर ८३ टक्के करावा लागतो आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर कोरी पट्टी उरते. त्यात ऑपरेटरची चूक नसते, १.६५ आणि १.४१ यांची सोयरीक जमत नाही एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० पासून ए४ स्वीकारल्यानंतर ही तक्रार हळूहळू कमी होत आहे.

आता तुमच्या वार्षिक अंकाविषयी. ए४ वरील पान ७१ टक्क्यांनी लहान केले की ते ए५ वर तंतोतंत बसते, समास सर्व बाजूंनी त्याच प्रमाणात लहान होतात आणि आकार मुळीच बिघडत नाही. बिघडते ते अक्षर. १२ पॉइंटचे अक्षर साडेआठ पॉइंटचे होते, आणि देवनागरीत त्या मापाला रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. म्हणून मुळात १६ किंवा १७ पॉइंटवर टाइप करून घ्या, म्हणजे छापताना ते साडेअकरा-बारा पॉइंटचे दिसेल. संगणकावर कागदाचा आकार 'लेटर' राहिलेला नाही ना, हेही पाहा. तो २१६ × २७९ मिमीचा अमेरिकी आकार आहे आणि त्याचे गुणोत्तर १.२९ असल्याने तुमची सगळी पाने वर-खाली रिकामी दिसतील.

एका गोष्टीत मात्र ए मालिकाही पूर्णपणे समरूप नाही. कागद यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेने लोळतात. त्या दिशेला आम्ही ग्रेन म्हणतो. ए३ कागदात ग्रेन लांब बाजूला समांतर असेल, तर तो कापून केलेल्या ए४ मध्ये ती आखूड बाजूला समांतर येते, आणि ए५ मध्ये पुन्हा लांब बाजूला. आकार तोच राहतो, ग्रेन दर पायरीला फिरते. पुस्तिकेत ग्रेन पाठीला समांतर हवी, नाहीतर पाने ताठ उभी राहतात, घडीवर जाड कागद तडकतो आणि पावसाळ्यात कडा लहरतात. झेरॉक्सच्या तयार ए४ रीममध्ये ग्रेन बहुधा २९७ मिमीच्या बाजूने असते. तो दुमडून ए५ पुस्तिका केली की घडी नेमकी ग्रेनला आडवी पडते. आतल्या ७० जीएसएमच्या पानांना हे चालून जाते, मुखपृष्ठाच्या २५० जीएसएम कार्डाला नाही. कार्डाचा कोपरा पाण्याने किंचित ओला करून पाहा: तो ज्या रेषेभोवती गुंडाळला जाईल ती ग्रेनची दिशा. ती २१० मिमीच्या बाजूला समांतर असेल असे कार्ड कापून मागा, आणि ते मिळत नसेल तर दुमडण्यापूर्वी क्रीजिंग करून, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडून, घ्या. पानांची संख्या ४ च्या पटीत ठेवा, आणि तीन बाजूंनी कटिंग झाल्यावर पान साधारण १४५ × २०४ मिमीचे उरेल हे धरून चौकटी व पृष्ठक्रमांक कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत घ्या.